मिळाली म्हणा

वैशाख वद्य पंचमी, शके १८७०. म्हणजे सन १९४८चा उन्हाळा. सकाळी, गावाच्या वेशीबाहेर.

हजर जनावरं: गाई एकेचाळीस, कालवडी अकरा, गोऱ्हे नऊ. एकूण एकसष्ट. (गाड्यांचे चार बैल यात धरलेले नाहीत.)

हजर माणसं: गावचा गायकी, त्याची बायको, लग्नाच्या राहिलेल्या त्याच्या दोन मुली, माझ्या सासूबाई, मी, आणि दोन गाड्यांत मिळून गावातल्या नऊ बायका-लेकरं.

गैरहजर: कर्ती माणसं. ती बैल आणि घरं राखायला मागं राहिली.

हा कागद माझ्याच अक्षरातला आहे आणि अजून माझ्यापाशी आहे. माझं माहेर पैनगंगेपलीकडं, वऱ्हाडात. तिथं मराठी शाळा होती आणि मी चौथीपर्यंत शिकले होते. सासर शिरड शहापूरच्या अंगाला, निजामाच्या मुलखात. इथल्या शाळेत उर्दू चाले आणि बायकांपर्यंत तीही पोचत नसे. त्यामुळं गावात काही लिहायचं निघालं की लोक आमच्या घरी येत. ही यादी मात्र माझ्या घरच्यांनी सांगितली नव्हती. ती गायक्यानं लिहून घेतली.

गायकी म्हणजे गावभरची गुरं सकाळी वेशीत गोळा करून रानात नेणारा आणि संध्याकाळी परत आणणारा माणूस. परत आणतो तो वेशीपर्यंत. तिथून गाई आपापलं घर शोधतात, त्यांना ते शिकवावं लागत नाही. आजूबाजूच्या सगळ्या गावांची रीत हीच. आमच्या गायक्याची नव्हती. तो एकेक गाय तिच्या दारात नेऊन उभी करायचा आणि घरातलं कुणी “मिळाली” म्हणेपर्यंत तिथून हलायचा नाही. सव्वीस दारं, रोज.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आठवड्याभरातच एका संध्याकाळी घरात मी एकटी असताना अंगणात आमच्या तीन गाई आल्या आणि त्यांच्यामागं उंच, काळा, मोठ्या मिशांचा एक माणूस. धोतराखाली पिंढऱ्यांना खाकी पट्ट्या गुंडाळलेल्या, गळ्यात सुतळीला बांधलेली पितळी शिट्टी. नव्या सुनेनं परक्या माणसाशी बोलायचं नसतं, म्हणून मी दाराआड उभी राहिले. तो जाईना. गाई गोठ्याकडं वळल्या तरी तो उभाच. बऱ्याच वेळानं मी दाराची कडी वाजवली. तरी तो उभा. शेवटी गल्लीतली पिंजाऱ्याची बायको जाता जाता थांबली आणि हसून म्हणाली, “मिल गई बोलो बेटी, नहीं तो वो यहीं बैठता.” मी गाईच्या अंगावरून हात फिरवला आणि तिच्याकडंच बघत म्हणाले, “मिळाली गं बाई.”

“गाईला न्हाई,” तो म्हणाला. “मला म्हणा.”

मी म्हणाले. त्यानं टाचेला टाच लावली आणि पुढच्या दाराकडं गेला.

गाव त्याला हवालदार म्हणत असे. तो दर वेळी दुरुस्ती करायचा. तो हवालदार कधीच नव्हता, ड्रायवर होता. तरुणपणी नगरकडं मजुरीला गेला असताना फौजेत भरती झाला आणि पहिल्या महायुद्धात बसऱ्याला खेचरांच्या पलटणीत तीन वर्षं राहिला. खेचरं हाकणाऱ्याला तिथं ड्रायवर म्हणत. गावाला एवढंच कळलं की हा ड्रायवर आहे. एकदा जवळा बाजारच्या रस्त्यावर सर्विस मोटार बंद पडली तेव्हा लोक त्यालाच बोलवायला आले. तो गेला, मोटारीभोवती एक फेरी मारली, पुढचा पत्रा हातानं थोपटला आणि सांगितलं की हिला पाणी पाजा, नंतर बघू. पाणी घातल्यावर मोटार चालू झाली. त्यानंतर त्याची दुरुस्ती कुणीच ऐकेना.

सकाळी वेशीत शिट्टी वाजली की हजेरी सुरू व्हायची. आधी मालकाचं नाव, मग गाईचं, मग तिच्या पाठीवर हात. लोक सांगत की त्याच्या गाई नाव घेतलं की ओ देतात. मी नीट पाहिलं आहे. ओ देत नसत, कान हलवत. पाण्यावर नेताना आजारी आणि गाभण जनावरं आधी, धडधाकट शेवटी. मधे घुसणाऱ्या गाईला रांगेच्या टोकाला पाठवायचा. जनावराला काठी मारलेली मात्र मी एकदाही पाहिली नाही. काठी त्याच्याकडं होती, ती तो खांद्यावर बंदुकीसारखी धरायचा.

त्याला सहा मुली. मुलगा नाही. याबद्दल गावाला जेवढी काळजी होती तेवढी त्याला नव्हती. पहाटे उठून तो सहाही जणींच्या वेण्या स्वतः घालायचा. खेचराची शेपटी चिखलात भरू नये म्हणून पलटणीत ती गुंफून बांधायला शिकवलेली. तीच वीण, तीच गाठ. वेणी इतकी घट्ट बसायची की पोरींच्या भुवया वर ओढलेल्या दिसत. पारावरची माणसं टिंगल करायची. त्याची बायको म्हणे, “करू द्या की. मला सकाळी दोन हात मोकळे मिळतेत. तुमच्या बायकांला इचारा, त्यायला मिळतेत का.” वेण्या झाल्या की मुलींची हजेरी, मग गाईंची. हा क्रम त्यानं कधी बदलला नाही, हेही बायकोच कौतुकानं सांगायची.

“मिळाली”ची रीत त्यानं लेकींनाही लावली. तिसरी मुलगी कुरुंद्याला दिली होती. पहिल्या माहेरपणानंतर तिला पोचवायला गेला तेव्हा तिच्या सासरी हळद शिजवणं चाललं होतं. चुलवणावर कढई, धूर, पाच-सहा माणसं कामात. तिच्या सासूनं मान वर करून बघितलं आणि पोरीला म्हणाली, पदर खोच अन् लाग. व्याह्यानं चहा विचारला. हा म्हणाला, चहा नको, बाईंनी मिळाली म्हणावं. सासूला तो अपमान वाटला. आम्ही काय तुमची पोरगी हरवून राहिलो का, असं ती म्हणाली आणि पाठ फिरवली. हा चुलवणापाशी बसला आणि जाळ घालू लागला. दोन कढया उतरल्या. जाळ त्यानं इतका एकसारखा ठेवला की घरचा माणूस त्याला आणखी दोन दिवस राहा म्हणू लागला. दिवस कलल्यावर सासू हात पुसत आली आणि म्हणाली, “मिळाली रे बाबा. तुझी लेक मिळाली. हातपाय धड हायेत, येणीबी जागेवर हाय. जा आता.” तो उठला, टाचा जुळवल्या आणि चालत गावी आला. ही हकीगत मला त्या मुलीनं सांगितली. पुढं तिची सासू दर खेपेला तो लांबून दिसताच ओरडून सांगायची म्हणे, मिळाली, मिळाली, घरात तरी या.

आता त्या उन्हाळ्याकडं येते.

त्या वर्षी मुलखात धामधूम होती. निजामाच्या बाजूच्या टोळ्या फिरत होत्या. आसपासच्या दोन गावांतली गुरं एका दिवसात हाकून नेली गेली होती. बायका-लेकरांना सरहद्दीपलीकडं पोचवायचं ठरलं तेव्हा गायकी चावडीवर गेला आणि म्हणाला की माणसं जाणार तर गुरंही जातील, मी नेतो. माझ्या माहेरच्या गावी कुरण होतं. भावानं हो म्हणून कळवलं. मग तो माझ्याकडं आला. लांबच्या कूचला नुसती तोंडी हजेरी चालत नाही, कागद लागतो, असं त्याचं म्हणणं. मी आखून रकाने केले: अनुक्रम, मालक, जनावराचं नाव, रंग, निघताना, पोचल्यावर. शेवटचा रकाना कशाचा म्हणून त्यानं विचारलं. मी म्हणाले, गाय ज्याची त्याला दिली की खूण करायची. तो रकाना त्याला फार आवडला.

सदतिसावी गाय पिंजाऱ्याची होती. नाव चांदी, रंग पांढरा, गाभण. पिंजारी आमच्यापासून तीन दारं सोडून राहायचा. थंडीत कापूस पिंजायच्या त्याच्या धुनकीचा आवाज गल्लीभर असे आणि गावातल्या सगळ्या गाद्या त्याच्या हातच्या. यादी चालू असताना माझे थोरले दीर म्हणाले की त्याची गाय कशाला न्यायची, मुसलमानाला कोण काय करतंय. गायकी म्हणाला की माझ्या हजेरीत आहे. पिंजाऱ्याच्या बायकोचं कारण आणखी साधं होतं. तिनं दावं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, “ले जाव दादा. अकेली रही तो रंभा-रंभाके मरेगी. बछडा हुआ तो संभालो.” एका फडक्यात मेथ्या बांधून दिल्या, गाय व्याल्यावर घालायला.

प्रवास चार दिवसांचा झाला. सकाळी उन्हाआधी चालायचं, दुपारी झाडाखाली थांबायचं, संध्याकाळी पुन्हा थोडं. दर मुक्कामी हजेरी, दर हजेरीला मी निघतानाच्या रकान्यात एक टिंब द्यायची. कळमनुरीच्या अलीकडं दुसऱ्या दुपारी सासूबाईंचा डोळा लागला होता आणि तो बसून दावं वळत होता. मी विचारलं, मामा, दारात उभं राहून म्हणवून घेता, ते काहून?

त्यानं हात थांबवला नाही.

“बसऱ्याच्या वरल्या अंगाला,” तो म्हणाला, “नदीकाठी पलटण व्हती. मला सांगितलं, बारा खेचरं त्या दुसऱ्या छावणीत पोचव. म्या नेली. तंबू व्हते, माणूस दिसंना. वाटलं, असतील कुठं, येतील. खुंट्यायला बांधली अन् आलो. पाचव्या रोजी तिकडून जाणं झालं. ती छावणी म्या पोचायच्या आदल्याच दिवशी हलली व्हती, सूनबाई. रिकामे तंबू तेवढे ठेवले व्हते. कुणाला ठावंच न्हाई की हितं खेचरं हायेत. बाराच्या बारा तशीच, बांधल्या जागी. नदी चाळीस पावलांवर. दिसत व्हती त्यायला.”

दावं वळून झालं. त्यानं टोकाला गाठ मारली आणि ओढून बघितली.

“माझी गाठ सुटत न्हाई,” तो म्हणाला. “ती आमाला तशीच शिकिवलेली.”

पैनगंगेला गुडघाभर पाणी होतं. आधी एक म्हातारी गाय घातली, तिच्यामागं बाकीच्या गेल्या. पलीकडच्या काठावर हजेरी घेतली. एकसष्ट.

माहेरच्या कुरणात ती गुरं पाच महिने राहिली. तिथं दोन गाई व्याल्या; एक आमची, एक चांदी. चांदीला कालवड झाली. मेथ्या तिच्याच पोटात गेल्या, मी उभी राहून घातल्या. गायक्यानं दोन्ही वासरं यादीत खाली “नवी भरती” म्हणून लिहायला लावली. एकूण त्रेसष्ट.

भादव्यात फौजा आल्या आणि राज्य बदललं. त्या पंधरवड्यात आमच्या भागात काय काय झालं त्याची यादी माझ्याकडं नाही. मी तिथं नव्हते. दसरा झाल्यावर आम्ही परत निघालो. पाणी गुरांच्या पोटाला लागत होतं, वासरं गाड्यांत घेतली. दिवाळीच्या आधी चार दिवस गावात पोचलो, दुपार टळल्यावर. सगळं गाव वेशीत आलं होतं. लोकांना वाटलं, गाई इथंच सोडील. त्यानं शिट्टी वाजवली आणि रांग लावली.

त्या दिवशी मी कागद घेऊन त्याच्याबरोबर दारोदार फिरले. एरवी सुनेनं असं फिरलेलं चाललं नसतं. दारात गाय, आतून “मिळाली”, माझी खूण. कुणी रडत होतं, कुणी गाईला ओवाळत होतं. एका म्हातारीला बोलणं फुटेना, ती नुसती गाईच्या गळ्यात पडली. तिथंही तो थांबला. शेवटी तिनं म्हटलं.

पिंजाऱ्याच्या दाराला कुलूप नव्हतं. दारच अर्धं उघडं होतं आणि आत कडबा रचलेला होता, आढ्यापर्यंत. कडबा आमचा होता. पिंजारी बायको-लेकरं घेऊन गेला होता. गावात कुणी त्याच्या अंगाला हात लावला नाही, असं सगळे सांगतात. मग तो का गेला, ते कुणी सांगत नाही.

गायकी दारासमोर उभा राहिला. चांदी घर ओळखून आत शिरायला बघत होती. थोड्या वेळानं माझे थोरले दीर आले, उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, “मिळाली. आण, बांध इकडं.”

“तुमच्या तीन अन् एक वासरू मगाच मिळालं, मालक,” तो म्हणाला. “कागदावर खूण हाय. ही चौथी कुठली?”

“घर माझ्या ताब्यात हाय. मंग गाय कुणाच्या ताब्यात जाईल?”

“घराचं मला काय ठावं न्हाई. घर माझ्या हजेरीत नव्हतं.”

दीर हसले. आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. गायकी हसला नाही, आणि हललाही नाही. दिवे लागेपर्यंत तो तिथं उभा होता. मग चांदीला आणि वासराला स्वतःच्या घरी घेऊन गेला.

दुसऱ्या संध्याकाळी तो पुन्हा त्याच दारात. तिसऱ्या संध्याकाळीही. सव्वीस दारांचा क्रम त्यानं मोडला नाही. पिंजाऱ्याच्या दारापुढं थांबायचा, वाट बघायचा, पुढं जायचा. लोकांना सुरुवातीला मजा वाटली, मग त्या वेळेला त्या गल्लीतून जाणं लोक टाळू लागले. चावडीवर विषय निघाला. गाय बेवारस आहे, तिला कोंडवाड्यात घाला, मुदतीनंतर लिलाव करा, असं दिरांनी सुचवलं. लिलावात बोली कोण लावणार तेही सगळ्यांना ठाऊक होतं. गायक्याला बोलावलं. तो म्हणाला की बेवारस नाही, वारस गावाला गेलाय, कागद बघा.

कागद माझ्यापाशी होता. सासूबाई म्हणाल्या, हरवला म्हणून सांग. मी त्यांना विचारलं की हरवला तर आपल्या तीन गाईंच्या खुणाही हरवतील, चालेल का. मी कागद गायक्याच्या बायकोच्या हाती चावडीवर पाठवला. पटवाऱ्यानं मोठ्यानं वाचला: अनुक्रम सदतीस, पिंजारी, चांदी, पांढरी, निघताना हजर, पोचल्यावर कोरं. मालक येईपर्यंत गाय गायक्याकडं राहावी, असं ठरलं. थोरले दीर पुढच्या पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. तसेही थोरले दीर भावजयीशी बोलत नसतात, त्यामुळं घरात फरक कळायला वेळ लागला.

गायकी त्याच हिवाळ्यात गेला. ताप तीन दिवस होता, चौथ्या दिवशी सकाळी त्यानं मला बोलावलं. सहाही मुली आल्या होत्या. धाकटी त्याच्या उशाशी बसून स्वतःची वेणी स्वतः घालत होती आणि ती त्याला पसंत नव्हती, एवढं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. बायकोनं त्याला टेकवून बसवलं. तो म्हणाला की चांदी आणि तिचं लेकरू तुमच्या गोठ्यात न्या. माझ्यामागं बायकोला दोन जनावरं जड जातील, आणि तुमच्याकडं कागद आहे. मी हो म्हणाले. सवयीनं पुढचा शब्दही तोंडाशी आला.

त्यानं हात वर केला.

“तुमी म्हणू नका,” तो म्हणाला. “ज्याची त्यानं म्हणायचं.”

दुसऱ्या दिवशी त्याला नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वेशीत शिट्टी वाजली. त्याची बायको होती. तिनं हजेरी घेतली, सगळी, तोंडपाठ; मालक, गाय, पाठीवर हात. पिंजारी, चांदी, असंही म्हणाली. पुढं सहा वर्षं गावाची गुरं तिनं राखली. संध्याकाळी मात्र ती वेशीतच सोडायची. तिचं म्हणणं, त्यांचे पाय फौजेतले होते, माझे घरातले आहेत.

आज या गोष्टीला अठरा वर्षं झाली. चांदी गेली, तिची कालवड म्हातारी झाली, आणि त्या कालवडीची लेक आता आमच्या गोठ्यात दूध देते. तेवढं दूध मी वेगळं धरते, गायक्याच्या धाकट्या मुलीच्या घरी जातं. पिंजाऱ्याच्या घरातला कडबा तिसऱ्या वर्षी मी काढायला लावला. घर दरवर्षी शाकारून घेते. दाराला कुलूप आहे, आमचं.

कागदावर त्रेसष्ट ओळी आणि एकसष्ट खुणा आहेत. वरवर बघणाऱ्याला वाटेल, एकसष्ट नेली, एकसष्ट पोचली, हिशेब बराबर.

चार वर्षांपूर्वी जवळा बाजारात एका व्यापाऱ्यानं सांगितलं की पिंजारी परभणीत आहे, स्टेशनच्या बाजूला गाद्यांचं दुकान आहे, बायको अजून धडधाकट आहे. परभणी लांब नाही. गाय चालवत नेली तर दोन मुक्काम. न्यायच्या सामानाची यादी मी त्याच आठवड्यात केली: नवं दावं, दोन दिवसांचा कडबा, किल्ली, हा कागद. पहिल्या वर्षी गाय गाभण होती. दुसऱ्या वर्षी घरात लग्न निघालं. तिसऱ्या वर्षी काही नव्हतं. कुलूप कुणाचं, असं पिंजाऱ्याच्या बायकोनं विचारलं तर काय सांगायचं, ते मी अजून लिहून काढलेलं नाही. यंदा पोळा झाला की निघायचं ठरलं होतं.

पोळा होऊन महिना झाला.